गाडीवर वारं लागतं, म्हणून ऊन लागत नाही?

मे महिन्यात माझ्या ओपीडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टरसाहेब, उन्हात कुठं फिरलो जी? गाडीवर तर होतो." सांगणाऱ्याचं डोकं ठणकत असतं, दोनदा उलटी झालेली असते, पिंडऱ्यांत गोळे आलेले असतात आणि सकाळपासून लघवीला एकदाच जाऊन आलेला असतो. पण तो शे-दीडशे किलोमीटर मोटरसायकलवर बसून आला, चालत नाही, आणि अंगाला भरपूर वारा लागत होता. त्यामुळे आपल्याला ऊन लागणं शक्यच नाही याबद्दल त्याची खात्री असते.

नागपूर, चंद्रपूर, अकोला, अमरावती या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी उन्हाबद्दल काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. ४५ अंश म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. नवतपा काय असतो तेही माहीत आहे. दुपारी कोणी शेतात निघालं तर घरातली म्हातारी माणसं हटकतात. तोच माणूस दुपारी दोन वाजता मोटरसायकलला किक मारतो तेव्हा मात्र कोणी काही बोलत नाही, कारण गाडी म्हणजे 'पटकन पोहोचणं' असा आपला हिशेब आहे. माझं म्हणणं असं आहे की कोरड्या, कडक उन्हात मोटरसायकलवरचा वारा आपला मित्र नाही. तो शरीरातलं पाणी काढून नेतो आणि ते जातंय हे कळूही देत नाही. लांबच्या प्रवासात सुखरूप राहण्याच्या बहुतेक युक्त्या ही एक गोष्ट समजली की आपोआप सुचतात.

कूलरचं उदाहरण घेऊ. विदर्भात ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. कूलरच्या टाकीत पाणी आहे आणि ताट्या ओल्या आहेत तोवर खोलीत गारवा. पाणी संपलं की तोच पंखा भट्टीसारखी गरम हवा फेकतो. पंखा बदललेला नसतो, बाहेरची हवाही तीच असते. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्यापेक्षा थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४३-४४ अंश असेल तर उलटं होतं, वारा अंगाला उष्णता देतो आणि गाडीचा वेग जितका जास्त तितकी ती भराभर देतो. जागतिक आरोग्य संघटना याच कारणासाठी सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो शरीर तापवतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल म्हणजे असाच एक मोठा पंखा, आणि आपण त्याच्या तोंडाशी बसलेलो.

मग आपण लगेच कोसळत का नाही? कारण घाम येतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. ही निसर्गाची फार चांगली सोय आहे, पण ती टाकीतल्या पाण्यावर चालते. चालत जाणाऱ्याचा घाम कपाळावरून ओघळतो, शर्ट पाठीला चिकटतो, तो सावली शोधतो, पाणी मागतो. गाडीवर घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडंच वाटतं. शर्टवर पांढरे खाराचे नकाशे उमटलेले असतात, पण ते दिसतात घरी पोहोचून शर्ट काढल्यावर. तहान लागेपर्यंत वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी निघून गेलेलं असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसात अर्ध्या लिटरपासून सव्वा लिटरपर्यंत.

एवढं पाणी कमी झाल्यावर माणूस मरत नाही. त्याचं लक्ष मात्र उडतं. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात २०१५ च्या सुमाराला काही पुरुषांना कंटाळवाण्या सरळ रस्त्यावर सिम्युलेटरवर तासन् तास गाडी चालवायला दिली होती. पाणी कमी प्यायलेल्या दिवशी त्यांच्या चुका, म्हणजे लेन सोडणं, उशिरा ब्रेक लावणं वगैरे, दुपटीहून जास्त झाल्या. प्रयोग लहान होता, खोलीत होता आणि गाडी चारचाकी होती. दुचाकीवर, वितळत्या डांबरावर, पाठीमागून ट्रक येत असताना काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे अशी गाडी रस्त्याखाली गेली की लोक म्हणतात, डुलकी लागली. बरेचदा ती खरंच लागलेली असते. पण दुपारी तीनच्या डुलकीमागे किती वेळा ऊन असतं, हे कोणी विचारत नाही.

अंग उघडं ठेवू नका

यावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. "एवढ्या गरमीत पूर्ण बाह्यांचा शर्ट? वरून जॅकेट?" हो. कोरड्या उन्हात झाकलेलं अंग जास्त गार राहतं. सैलसर, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट ऊन अडवतो, गरम वाऱ्याचा थेट मारा अडवतो, आणि शर्ट व कातडी यांच्यामध्ये घामाचा ओलावा थोडा वेळ टिकवतो. म्हणजे घाम वाया न जाता कामी येतो. वाळवंटातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत सैल कपड्यांत का वावरतात, याचं उत्तरही इथेच आहे. आपल्याकडच्या मुली दुपट्ट्याने चेहरा, मान, हात गुंडाळून गाडी चालवतात, त्यांची काही लोक थट्टा करतात. त्या बरोबर करतात. चुकतो तो बनियनवर शर्टाची बटणं उघडी टाकून वारा खात जाणारा भाऊ.

आता यात कूलरचं पाणी घाला. निघताना आतला सुती बनियन किंवा टी-शर्ट पूर्ण भिजवून पिळून घाला आणि वर कोरडा पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा जाळीचं रायडिंग जॅकेट घाला. वरचा थर वारा कमी करतो म्हणून आतला कपडा हळूहळू सुकतो आणि तुमचा स्वतःचा घाम वाचतो. अर्ध्या-पाऊण तासात तो कोरडा होईल. तेव्हा थांबा, पुन्हा भिजवा. मानेभोवतीचा दुपट्टाही ओला ठेवा. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी ओली करून घातली तर डोक्याला आराम पडतो, आणि हेल्मेटच्या फोमला घामाचा वासही धरत नाही. हेल्मेट काढून हँडलला अडकवणाऱ्यांना फक्त एवढंच सांगतो की उघड्या डोक्यावरचं ऊन हेल्मेटपेक्षा थंड नसतं. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. काच खाली ठेवा, नाहीतर दोन तासांत डोळे कोरडे पडून लाल होतात.

ही ओल्या बनियनची युक्ती कोकण, मुंबई, गोव्यात चालत नाही, आणि कारण तेच, तिथे कूलरही चालत नाही. तिथली हवा आधीच ओली असते, त्यामुळे ओला कपडा सुकत नाही, नुसता चिकटतो. पण तिथे पारा बहुतेक वेळा ३३-३४ च्या आसपास असतो, म्हणजे वारा अजून थोडाफार उपयोगाचा असतो. तिकडे पातळ, सैल, हवा खेळेल असे कपडे घाला. घाम भरपूर गळतो पण थंडावा देत नाही, म्हणून सावलीतल्या थांब्यांची संख्या वाढवा.

कपड्यांवरून आठवलं. लांब प्रवासात जाड जीन्स आणि नायलॉनची अंतर्वस्त्रं घालून चार तास रेक्झिनच्या सीटवर बसलं की जांघेत काय होतं ते मी जूनमध्ये रोज बघतो. घामोळं, सोलवटलेली कातडी आणि त्यावर गजकर्ण. सुती अंतर्वस्त्रं, सैल पँट, सीटवर एक सुती टॉवेल आणि पोहोचल्यावर आंघोळ करून जांघ कोरडी करणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. खाज सुटली म्हणून मेडिकलमधून 'ती लाल ट्यूब' स्वतःच्या मनाने आणू नका. तशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण पोटापर्यंत चढतं.

पाणी, मीठ आणि पाणी न पिणाऱ्या बायका

किती प्यायचं? कडक उन्हात गाडीवर असाल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, थोडं थोडं करून. एकदम दोन लिटर ढोसून पुढचे तीन तास थांबायचंच नाही, याचा फायदा नाही. दर ४०-४५ मिनिटांनी थांबा, तहान नसली तरी प्या, बनियन भिजवा, पाच मिनिटं सावलीत पाय मोकळे करा. नागपूरहून अमरावतीला जाताना कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा असे थांबे सहज मिळतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही याची अनेकांना खंत वाटते. उन्हाळ्यात मला ती मुळीच वाटत नाही, जुन्या रस्त्यावर निदान चहाची टपरी आणि पाण्याचा माठ तरी आहे. झाडं मात्र रुंदीकरणात गेली. कडुनिंबाखाली थांबा, असं मी आता ज्या सहजतेने सांगतो तितक्या सहजतेने ते झाड सापडत नाही, त्यामुळे पेट्रोल पंपाचं छत, एसटीचा निवारा, मंदिर, जे मिळेल ते चालेल.

प्रवास दोन तासांपेक्षा जास्त असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, घामातून मीठही जातं. ताक-मीठ, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, कैरीचं पन्हं, हे सगळं उत्तम. ओआरएसचं पाकीट घ्यायचं तर एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. अर्ध्या ग्लासात घट्ट करून पिणं चूक आहे. घरी करायचं असेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात रंगीत खोक्यात मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. उसाचा रस चांगला, बर्फ कुठला आहे ते बघा. चहाला माझी ना नाही. बिअर 'थंड' असते हा विचार मात्र सोडा.

खिशातल्या कांद्याबद्दल प्रत्येक उन्हाळ्यात विचारणा होते. ठेवा, त्याने अपाय नाही. पण तो कातडीतून काही शोषून घेत नाही, आणि "कांदा आहे ना" म्हणून पाण्याची बाटली विसरणारे लोक मी पाहिले आहेत. भाकरीबरोबर खाल्लात तर निदान पोटात जाईल.

आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते. गाडीवर मागे बसलेली बाई पाणी पीत नाही. तिला तहान नसते असं नाही. वाटेत जायला जागा नसते. लग्नाला निघताना सकाळपासून ती घोट घोट मोजते. नवरा धाब्यामागे जाऊन येतो आणि "चला" म्हणतो. मग लग्नसराई संपता संपता लघवीची जळजळ, ताप, मुतखड्याची कळ घेऊन याच बायका येतात, आणि "उन्हाळी लागली" एवढंच सांगितलं जातं. पुरुषांना मी म्हणतो, थांबा निवडताना रसवंती बघू नका, स्वच्छतागृह बघा. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असलं पाहिजे असा तेल कंपन्यांचाच नियम आहे. बंद असेल तर किल्ली मागा, लाजू नका. घाण असेल तर तिथल्या तक्रारवहीत लिहा. वाटेतल्या बसस्थानकावर थांबायलाही हरकत नाही. 'तिने पाणी प्यायलं का' हे विचारणं गाडी चालवणाऱ्याच्या कामाचा भाग आहे, टायरमधली हवा बघण्याइतकाच.

मागे बसणाऱ्याला आणखी एक धोका आहे. चालवणारा निदान रस्त्याकडे बघून जागा असतो. मागचा माणूस ग्लानीत जातो आणि पकड सुटते. मधे लेकरू असेल तर ते दोन अंगांच्या मधे भाजत असतं. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवलेलं असेल तर समोरून गरम वारा आणि खालून तापलेली टाकी. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि सांगत नाहीत, झोपून जातात. झोपलेलं लेकरू बघून आईबापांना बरं वाटतं. भर दुपारच्या प्रवासात लेकरू झोपलं तर गाडी थांबवा, त्याला जागं करा, पाणी पाजा. नीट जागं होत नसेल तर पुढचा थांबा दवाखाना. खरं तर पाच वर्षांखालच्या मुलाला मे महिन्याच्या दुपारी दुचाकीवर लांब नेऊच नये, एसटीने न्यावं. हे मत अनेकांना जड वाटेल, पण मी ते मागे घेणार नाही.

कधी निघायचं

"बारा ते चार बाहेर पडू नका" ही सरकारी सूचना योग्यच आहे. पण तिचा लोकांनी काढलेला अर्थ गमतीदार आहे. बाराच्या आधी निघालं की झालं, असं समजून साडेअकराला निघतात आणि ऐन कडाक्यात रस्त्यावर असतात. पारा सर्वांत वर असतो तो दुपारी अडीच ते चारच्या सुमाराला, आणि डांबर तर संध्याकाळ उलटली तरी वाफा टाकत असतं. दीडशे किलोमीटर जायचं असेल तर पहाटे साडेचारला निघा. थांबत थांबत गेलात तरी साडेआठला पोहोचाल, आणि वर लिहिलेल्यापैकी निम्म्या गोष्टींची गरजच पडणार नाही. रात्रीचा प्रवास मी सुचवत नाही, दिवे न लावता उभे असलेले ट्रक उन्हापेक्षा भयंकर असतात.

खरी अडचण परतीची असते. सकाळी अकराचा मुहूर्त, लग्न लागतं एकला, पंगत दोनला, आणि अडीचला "निघतो, उद्या ड्युटी आहे." रात्री झोप नाही, पोटात जड जेवण, पाणी कमी, वर सूर्य. याहून वाईट जुळणी मला सुचत नाही. यजमानाकडे पाचपर्यंत कूलरसमोर पडा. राहायला सांगतील तर राहा. ज्यांना वेळ निवडताच येत नाही, म्हणजे एमआर, वसुलीवाले, पार्सल पोहोचवणारे, त्यांच्यासाठी ओला बनियन, दोन बाटल्या आणि ४५ मिनिटांचा नियम हेच चिलखत आहे. त्यांच्या साहेबांनी दुपारच्या फेऱ्यांचं टार्गेट मे महिन्यात कमी करावं, असंही मला वाटतं. भर उन्हात गाडीवरून पडलेला माणूस कंपनीलाही परवडत नाही.

औषधं चालू असलेल्यांनी निघण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, मधुमेहातली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही शरीरातलं पाणी बाहेर टाकतात. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो. कोणतीही गोळी स्वतः बंद करायची नाही, पण प्रवासाची वेळ त्यानुसार ठरवायची. इन्सुलिन डिकीत ठेवू नका, तिथे अंडं उकडेल. ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या डब्यात, सावलीच्या बाजूला ठेवा. हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना मोजून पाणी सांगितलं आहे त्यांनी दुपारी दुचाकीवर जाऊच नये, कारण त्यांना जास्त प्यावं म्हणावं तर पंचाईत आणि कमी म्हणावं तरी पंचाईत.

गाडीवर असताना डोकं जड होणं, मळमळ, पायात गोळे, विनाकारण चिडचिड, वळण चुकणं, आरशात बघायचं विसरणं, यांपैकी काहीही झालं की "अजून वीसच किलोमीटर" असं म्हणायचं नाही. थांबायचं, सावलीत अर्धा तास आडवं व्हायचं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका. सावलीत घ्या, हेल्मेट, बूट, जाड कपडे काढा, जे पाणी मिळेल ते डोक्यापासून पायापर्यंत ओता आणि जोरात वारा घाला. ओल्या अंगावरचा वारा औषध असतो. धाब्याची पाण्याची टाकी, शेतातला पंप, काहीही चालेल. आधी गार करायचं, मग न्यायचं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी यात काम करत नाही. तो गाडीवरून पडला असेल तर मात्र मान हलू न देता सगळं करा आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढायची घाई करू नका.

पोहोचल्यावर तासाभरात लघवी झाली आणि ती फिकट पिवळी असेल तर ठीक. सहा तास झालीच नाही, किंवा कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि अंग ठेचल्यासारखं दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. किडनीवर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं आणि रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.